आधी पोच मागायला शिका

विधी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलंय. त्यांच्या विधी साहाय्य कक्षात चाळीसेक मुलं आहेत, सामुदायिक सहभागाची क्रेडिट मिळवायची आहेत आणि गोवंडीतली एक वस्ती ठरलीय. बेत नेहमीचाच, एक पथनाट्य आणि एक कायदेविषयक शिबिर. तिचा प्रश्न असा: ‘याने लोकांचं खरंच काही भलं होतं का? आणि वकिलीची सनद नसताना आम्ही काय करू शकतो, कुठे थांबायचं?’

शिबिराचा उपयोग होतो, पण बहुतेक वेळा घेणाऱ्याला. हे कुचेष्टेने म्हणत नाही. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः अशी शिबिरं घेतली आहेत. मानखुर्दला एका बालवाडीच्या खोलीत साठ-सत्तर बायकांसमोर पोटगीवर पाऊण तास बोलले होते. टाळ्या, चहा-बिस्किटं, फोटो, सगळं यथासांग झालं. तीन-चार महिन्यांनी त्यातलीच एक बाई कोर्टाच्या व्हरांड्यात भेटली. पिशवीतून घड्या पडलेला समन्स काढला. नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज केला होता, ही तारखेला गेलीच नाही आणि एकतर्फी निकाल लागून गेला होता. म्हणाली, ‘मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं ना बाईला पोटगी मिळतेच म्हणून. मी निवांत होते.’ कागद आला की आधी त्यावरची तारीख बघायची, एवढं एक वाक्य त्या पाऊण तासात माझ्या तोंडून निघालं नव्हतं. एकतर्फी हुकूम रद्द करायला अर्ज करता येतो, तो आम्ही केलाही. पण दीड वर्ष त्यातच गेलं.

तेव्हापासून मी मुलांना एकच गोष्ट सांगत आलेय. वस्तीतल्या माणसाला हक्क माहीत नसतो असं धरून चालू नका. पुष्कळदा तो माहीत असतो. अडतं ते कागदावर, आणि कागद पुढे सरकवायला लागणाऱ्या दिवसांवर. घरकाम करणारी बाई तीन दिवस रेशनिंग ऑफिसच्या रांगेत उभी राहिली तर तिचे तीन खाडे होतात, चौथ्या दिवशी मालकीणबाई दुसरी बाई बघते. तुमच्याकडे नेमके तेच आहे जे तिच्याकडे नाही: मोकळी दुपार, वाचता येणारी मराठी आणि ‘साहेब’ म्हटल्यावर आवाज न थरथरणं.

कागदाचं महत्त्व मुंबईच्या वकिलाला वेगळं पटवावं लागत नाही. ओल्गा टेलिस खटला तुम्ही पहिल्याच वर्षी वाचला असेल. १९८१ च्या पावसाळ्यात पदपथावरच्या झोपड्या तोडायचा निर्णय झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९८५ मध्ये निकाल आला. परीक्षेत सगळे लिहितात की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. बरोबरच आहे. पण निकालाचा शेवट वाचा. न्यायालयाने झोपड्या हटवायला मनाई केली नाही. पावसाळा उलटेपर्यंत थांबा म्हटलं. आणि पर्यायी जागा द्या म्हटलं ती कोणाला? १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती त्यांना. एवढं मोठं तत्त्व, आणि पदपथावरच्या कुटुंबापुरता निकाल उतरला तो एका नोंदीवर. आजही झोपडपट्टी पुनर्वसनात तेच आहे. १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहत असल्याचा पुरावा असेल तर घर मोफत, १ जानेवारी २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून, आणि परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे रहिवाशांच्या पात्रता यादीत, तुमच्या नावापुढे ‘पात्र’ आहे की ‘अपात्र’ यावर संसार उभा राहतो किंवा रस्त्यावर येतो. जुनं वीजबिल, मतदार यादीतलं नाव, फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) हे सगळं पत्र्याच्या पेटीत असतं, आणि पेटी माळ्यावर, कारण खाली ठेवली तर जुलैत भिजते.

म्हणून पहिलं काम: पोच. सरकारी कार्यालयात दिलेल्या प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत, तिच्यावर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही. ऐकायला किती किरकोळ वाटतं!

मागे आमच्याबरोबर दोन मुलं शिधावाटप कार्यालयात गेली होती. विधवा बाई, तिच्या कार्डात दोन धाकट्या मुलांची नावं चढवायची होती. खिडकीवरच्या बाबूने अर्ज उलटसुलट केला, म्हणाला, ‘कोटा संपलाय, नंतर या.’ याआधी ती बाई तेवढं ऐकून चार वेळा घरी गेली होती. मुलगा म्हणाला, ‘सर, अर्ज घेऊन ठेवा आणि पोच द्या. नामंजूर करायचा असेल तर कारण लेखी द्या.’ बाबू म्हणाला, ‘तू कोण?’ मुलगा म्हणाला, ‘यांच्याबरोबर आलोय.’ एवढंच. वकील नाही म्हणाला, कॉलेजचं नाव नाही सांगितलं, आवाज नाही चढवला. बाबूने पाच मिनिटं दुसरीच फाईल चाळली, मग शिक्का शोधला. शाई वाळलेली होती, म्हणून दोनदा मारावा लागला. ते अर्धवट उमटलेलं निळं वर्तुळ बाईने तीनदा बघितलं.

पोच मिळाली की घड्याळ सुरू होतं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. त्यात अधिसूचित केलेली सेवा ठरलेल्या दिवसांत द्यावी लागते, नाकारली तर कारण लेखी द्यावं लागतं, नाहीतर पहिलं अपील, दुसरं अपील आणि चुकार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. प्रत्यक्ष दंड झालेला फार कमी वेळा बघितलाय, पण अपिलाचा कागद टेबलावर गेला की फाईल हलते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज त्याच्या पुढचा: १० रुपये, ३० दिवस. आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एक विषय, १५० शब्द. विद्यार्थी इथेच मार खातात. ‘भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १४ व २१ अन्वये’ अशी सुरुवात करून तीन पानं लिहितात. ‘अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची प्रत द्यावी’ हे एक वाक्य पुरतं.

जातीचा दाखला ही याच कामाची सर्वात अवघड इयत्ता. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ या तारखांना कुटुंब महाराष्ट्रात कुठे राहत होतं याचा पुरावा मागतात. सिग्नलवर गजरे विकणाऱ्या पारधी कुटुंबाचा आजा त्या दिवशी कुठल्या गावच्या शिवारात पाल ठोकून होता, याचा कागद आणायचा कुठून? घरातलं कोणी शाळेत गेलं नाही, सातबारा नाही. मग गावची जन्म-मृत्यू नोंदवही, मराठवाड्यातल्या कुठल्यातरी शाळेचा चुलत्याचा दाखला, असं धागे जुळवत जावं लागतं. एका कुटुंबाला आमच्या मुलांना अकरा महिने लागले. पण तो दाखला निघाल्यावर त्याच्या आधाराने भावकीतल्या बाकीच्यांचे अर्ज सोपे झाले. चाळीस मुलांनी वर्षभरात अशी चार कुटुंबं पार लावली तरी मी त्याला यश म्हणेन. एक व्यावहारिक गोष्ट: जात, उत्पन्न, रहिवास असल्या दाखल्यांसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. तहसीलच्या बाहेर टेबल टाकून बसलेला माणूस हे सांगणार नाही.

आता सनद नसण्याबद्दल. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने वकिली करायचा अधिकार फक्त अधिवक्त्याला दिलाय आणि सनद नसताना कोर्टात वकिली केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा कोर्टात उभं राहायचं नाही, वकीलपत्र घ्यायचं नाही, ‘केस जिंकून देतो’ म्हणायचं नाही, पैसे घ्यायचे नाहीत. पांढरा शर्ट, काळी पँट घालून पोलीस ठाण्यात रुबाब करायचा नाही (हसू नका, दरवर्षी एकजण करतोच). पण अर्ज लिहून देणं, कागद लावून देणं, सोबत जाणं, कायद्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवणं याला कोणाची हरकत नाही. उलट विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेत विधी शाखेचे विद्यार्थी सनद मिळेपर्यंत विधी स्वयंसेवक होऊ शकतात. गोवंडी उपनगर जिल्ह्यात येतं. उपनगर जिल्हा प्राधिकरणाला पत्र द्या, प्रशिक्षण मागा, ओळखपत्र घ्या आणि कॉलेजचं क्लिनिक त्यांच्याशी जोडून घ्या. मग तुमच्याकडे आलेलं प्रकरण पॅनेलवरच्या वकिलाकडे द्यायला सरळ वाट असते.

मोफत वकील फक्त ‘गरिबाला’ मिळतो हा वस्तीतलाच नव्हे, कॉलेजातलाही गैरसमज आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ उघडा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतला माणूस या कोणालाही उत्पन्नाची मर्यादा नाही. १५१०० हा प्राधिकरणाचा फोन नंबर आहे. आणि अटकेतल्या माणसाला दंडाधिकाऱ्यापुढे पहिल्यांदा उभं करतात तेव्हाच वकील द्यायला हवा, तो नसेल तर त्याचा हक्क त्याला सांगणं हे दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ठामपणे सांगितलं ते कसाबच्या खटल्यात. मुंबईवर हल्ला करणाऱ्यासाठी जे मान्य झालं ते मोबाइलचोरीच्या संशयात उचललेल्या शिवाजीनगरच्या पोराला नाकारता येणार नाही. वस्तीतल्या आयांना हे एवढ्याच शब्दांत सांगा, चटकन कळतं.

पोलीस ठाण्याबाबत थोडक्यात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते आणि प्रत फुकट द्यावी लागते. ‘एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून देतो’ म्हणाले तर निदान एनसीचा क्रमांक घेऊन या. बाई, पंधरा वर्षांखालचं मूल, साठीच्या पुढचा माणूस यांना साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं (कलम १७९). दोघांनी जा, एकट्याने नको. मुलींनी रात्री नको, हे तत्त्व म्हणून मला आवडत नाही, पण मी तसंच सांगते.

खरी जोखीम वेगळीच आहे. पक्षकार वकिलाला जे सांगतो ते कायद्याने गोपनीय राहतं. २०२३ च्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं हे संरक्षण वकिलाच्या कारकुनाला आणि दुभाष्यालाही आहे. तुम्ही स्वतःच्या वहीत वस्तीत बसून लिहून घेतलेल्या हकिकतीला ते नाही. उद्या ती वही कोणी मागितली तर ‘आम्हाला विश्वासाने सांगितलंय’ हे उत्तर चालत नाही. म्हणून कुठल्यातरी वकिलाच्या देखरेखीखालीच काम करा आणि लिहायचं ते कामापुरतं.

त्याहून नाजूक म्हणजे मुलांवरचे लैंगिक अत्याचार. दहा-बारा वर्षांची पोर तुमच्यातल्या एखाद्या ताईला काहीतरी सांगेल, आधी म्हणेल, ‘ताई, कोणाला सांगणार नाही ना?’ आणि ताई शपथ घेऊन मोकळी होईल. ती शपथ तिला पाळता येणार नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ माहिती कळलेल्या प्रत्येकाला पोलिसांना कळवायला बांधील करतं, आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. तेव्हा आधीच सांगायचं, ‘तुला जपायला लागेल तेवढ्यांना मला सांगावं लागेल.’ मग प्राध्यापक, वकील, मुलांची हेल्पलाइन १०९८ आणि पोलीस. मुलीची चौकशी तुम्ही करायची नाही. तिला तेच तेच चार वेळा विचारलं की पुढे उलटतपासणीत त्या चारही वेळा तिच्यावर उलटतात.

फोटोंचं पण सांगते. एका कॉलेजच्या मुलांनी आमच्या भागात कार्यक्रम केला, नवऱ्याच्या मारहाणीतून माहेरी आलेली एक बाई पहिल्या रांगेत होती. संध्याकाळी फोटो कोणाच्यातरी स्टेटसवर. तिचा पत्ता सासरच्यांना त्या फोटोतल्या पाठीमागच्या दुकानाच्या पाटीवरून कळला. त्या मुलांचा हेतू वाईट नव्हता, म्हणून तर जास्त राग आला. फोन बंद ठेवा. लोकांच्या आधार कार्डांचे फोटोही तुमच्या फोनमध्ये साठवू नका. त्यांच्याच फोनवर डिजिलॉकर उघडून द्या.

मारहाणीच्या प्रकरणात ‘सोडून या त्याला’ हा सल्ला फुकट असतो, द्यायला सोपा. रात्री झोपायचं कुठे ते ती ठरवणार. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तिला सासरच्या घरात राहायचा हक्क आहे, घर नवऱ्याच्या नावावर नसून सासऱ्याच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं असं २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊन घरगुती घटनेचा अहवाल भरून घेणं, तिथे तिच्या शेजारी बसणं, एवढं तुमचं काम. मुंबईत आणखी एक दार आहे, महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये पोलीस आयुक्तालयात तो सुरू केला, पोलीस ठाण्याच्या आवारातच समाजकार्यकर्ती बसते. तिच्याकडे बसून एक दिवस नुसतं ऐका. बायका बोलतात तेव्हा मध्ये न बोलणं शिकायला मला स्वतःला दहा वर्षं लागली.

म्हाताऱ्यांचं काम मात्र तुम्ही आनंदाने घ्या, कारण तिथे तुमची खरी गरज आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या न्यायाधिकरणात कलम १७ ने वकिलालाच बाहेर ठेवलंय. त्या कलमावर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत वाद झालेत, पण उपविभागीय अधिकाऱ्यापुढे आजही बहुतेक म्हातारे एकटेच उभे असतात. विक्रोळीच्या एका आजोबांनी खोली बक्षीसपत्राने मुलाच्या नावावर केली आणि वर्षभरात जेवणाचं ताट बाहेरच्या पडवीत यायला लागलं. कलम २३ प्रमाणे सांभाळायच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळलं नाही तर, परत मिळू शकते. सगळं अडतं ‘अटीवर’ या शब्दावर. ती अट होती हे दाखवावं लागतं. आमच्या दोन मुलींनी आजोबांबरोबर चार दुपारी बसून नुसती तारीखवार यादी केली: बक्षीसपत्र कधी, त्यात वाक्य काय, औषधं कोण आणत होतं, कधीपासून बंद झालं. अर्ज दीड पानाचा झाला, साध्या मराठीत. अधिकाऱ्यांनी तो अर्ज वाचला, हेच मुळात नवल. लांबलचक अर्ज कोण वाचतो?

वकील नसलेली माणसं न्यायालयाच्या कामात किती पुढे जाऊ शकतात याचं मुंबईचंच उदाहरण १९८३ चं आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या स्त्रियांशी बोलून पोलीस कोठडीतल्या मारहाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने चौकशीसाठी पाठवलं ते कोणा न्यायाधीशाला नाही, निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकेला. त्यांच्या अहवालानंतर स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, स्त्री पोलिसाच्या हजेरीतच चौकशी, अटक झाली की विधी साहाय्य समितीला लगेच कळवणं असे आदेश निघाले. आधी कोणीतरी तुरुंगात जाऊन, बसून, नीट लिहून घेतलं होतं.

तुमच्यापुढची मोठी अडचण कायद्याची नाही, कॅलेंडरची आहे. मार्चमध्ये तुमची परीक्षा, मग सुट्टी, मग नवीन बॅच. वस्तीतल्या बाईची तारीख मात्र एप्रिलमध्ये पडते, अपिलाची मुदत मे मध्ये संपते, घरात पाणी जूनमध्ये शिरतं. अर्ध्यावर सोडलेलं काम न घेतलेल्या कामापेक्षा वाईट, कारण तोवर तिने दुसऱ्या कोणाला विचारायचं थांबवलेलं असतं. म्हणून वही करा, जाड पुठ्ठ्याची. नाव नको, क्रमांक घाला. काय काम, कुठला कागद, आवक क्रमांक, पुढची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात ‘आता कोणाकडे’. तो रकाना रिकामा असेल तर ते प्रकरण घेऊ नका. जूनमध्ये जुन्या मुलाने नव्या मुलाला वस्तीत घेऊन जायचं, त्या बाईसमोर उभं करायचं आणि म्हणायचं, ‘मावशी, आता हा.’

पहिल्या शनिवारी माइक नको, बॅनर नको. एक टेबल, दोन खुर्च्या तुमच्यासाठी आणि चार त्यांच्यासाठी. निळ्या शाईचं पेन, पांढरे कागद, स्टेपलर. आणि जवळचा झेरॉक्सवाला दुपारी किती वाजता बंद करतो ते आदल्या दिवशी बघून ठेवा.